माधवरावांचे वय

थोरले माधवराव पेशवे आणखी वीस वर्षे जगले असते तर? इतिहासाची गोडी असलेल्या मराठी माणसाने हा प्रश्न कधीतरी केलेला असतोच. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला, चिंतामणीच्या सान्निध्यात, क्षयाने ते गेले तेव्हा त्यांचे वय होते अवघे 27.

या हळहळीला वजन दिले ते एका परक्याने. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला आणि हा अकाली मृत्यू पानिपताइतकाच घातक ठरवला. जेत्याचा हा निवाडा आपण मनापासून स्वीकारला. पुढे राजवाडे, खरे, सरदेसाई यांनी अस्सल कागद बाहेर काढले. त्यांतून चुलत्या-पुतण्याचा झगडा, डोक्यावरचे कर्ज, सरदारांची ओढाताण असे सगळे दिसू लागले. पण 1962 मध्ये रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली आणि राज्याचे दुःख त्यांच्या पत्नी रमाबाईंचे, म्हणजे घरातले, झाले. आज बहुतेकांच्या मनात वसलेले माधवराव दफ्तरातले नाहीत, कादंबरीतले आहेत.

या साऱ्या प्रवासात एक गोष्ट मागे पडली, आणि मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. माधवराव पेशवे व्हायचेच नव्हते. नानासाहेबांचे थोरले चिरंजीव विश्वासराव. ते 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर पडले. त्या धक्क्याने खचलेले नानासाहेब जूनमध्ये पर्वतीवर वारले. म्हणून 16 वर्षांच्या मुलाला वस्त्रे मिळाली. विश्वासराव वाचले असते तर ज्यांच्यासाठी आपण डोळे ओले करतो ते माधवराव कदाचित धाकटे बंधू म्हणूनच राहिले असते. अकाली मृत्यूंनीच त्यांना आणले आणि अकाली मृत्यूनेच नेले.

तेव्हा घात कशाने झाला? मला वाटते, अल्पवयाने. पेशवाई हे मुळात छत्रपतींच्या प्रधानाचे पद. ते वंशपरंपरेने चालू लागले आणि राज्याचा कारभार एका घरातल्या आयुर्मानावर येऊन ठेपला. प्रत्येक अवेळी मरणानंतर गादीवर मूल आणि शेजारी पालक. 1761 मध्ये पालक चुलते राघोबादादा. पुतण्याला 1762 मध्ये आळेगावला त्यांच्यापुढे नमते घ्यावे लागले, आणि 1768 मध्ये धोडपला त्यांना हरवून कैदेत टाकावे लागले. म्हणजे त्या तुटपुंज्या कारकिर्दीतली कितीतरी ताकद घरातच खर्ची पडली.

आणि थेऊरला काय झाले? मृत्युशय्येवरच्या माधवरावांनी 17 वर्षांच्या धाकट्या भावाला, नारायणरावांना, त्याच दादांच्या हाती सोपवले. दुसरे वडीलधारे होते कोण? वर्षही भरले नाही तोच, 30 ऑगस्ट 1773 रोजी, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. पुढचा पेशवा, त्यांचा मुलगा सवाई माधवराव, वस्त्रे मिळाली तेव्हा जेमतेम 40 दिवसांचा. हक्क हुकलेले दादा 1775 मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून बसले.

माधवराव जगते तर ही मालिका तुटली असती, हे खरे. मात्र ‘त्यांना निदान मूल तरी असते’ असे कोणी म्हणाले की मी थांबवतो. 1772 मध्ये ते मूल अज्ञानच असते, आणि पालक म्हणून पुन्हा राघोबादादाच पुढे आले असते.