उतारवय आणि पायांतले बळ

म्हातारपणी माणूस स्वतःच्या पायांवर किती काळ उभा राहील, हे बरेचसे मांड्यांच्या स्नायूंवर ठरते. खुर्चीतून उठणे, जिना उतरणे, एसटीची पायरी चढणे, रात्री न्हाणीघरापर्यंत जाऊन येणे, या सगळ्याचा भार त्यांच्यावरच असतो. चाळिशीनंतर हे स्नायू हळूहळू झडू लागतात, साठीनंतर अधिक वेगाने. आणि ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर घटते. आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी संशोधकाने १९८९ मध्ये या अवस्थेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. घरोघरी रक्तदाब आणि साखर तपासली जाते, पायांची ताकद मात्र कोणी पाहत नाही. ती गेल्याचे अनेकदा पडल्यावरच कळते.

ही झीज वयामुळे होते हे खरे, पण तिला हातभार लागतो तो घरच्यांच्या मायेचा. ‘आता तुम्ही बसा, आम्ही बघतो’ असे म्हणत मुले-सुना एकेक काम काढून घेतात. आधी बाजारहाट सुटतो, मग जिना, मग पाण्याचा तांब्यासुद्धा हातात येऊ लागतो. विश्रांतीची किंमत किती जबर असते, हे अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. त्यात धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो मांस घटले. साध्या तापाने आठवडाभर निजून राहिलेली आजी नंतर पूर्वीसारखी का चालत नाही, याचे उत्तर यात आहे.

गेलेली ताकद परत येते का? येते, आणि फार उशिरासुद्धा येते. बोस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा रहिवाशांना मांड्यांसाठी वजनाचे व्यायाम देण्यात आले. आठ आठवडे ते पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. हे निष्कर्ष १९९० सालचे. इतक्या वर्षांनंतरही ‘या वयात कसला व्यायाम’ हे वाक्य ऐकू यावे, ही खेदाची गोष्ट आहे.

आपल्याकडे व्यायाम म्हणजे सकाळचा फेरफटका. तो हृदयाला चांगलाच, पण पुरेसा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पासष्टीपुढच्या व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम करावेत. शिवाय किमान दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. सर्वांत साधा व्यायाम खुर्चीचा. खुर्ची भिंतीला टेकवावी, हात छातीशी घ्यावेत, उठावे आणि मनात पाचपर्यंत मोजत सावकाश बसावे. हे सावकाश बसणेही मांड्यांना चांगलेच राबवते. हातांचा आधार लागलाच तर घ्यावा, पुढे कमी करत जावा. श्वास मात्र रोखू नये. हृदयविकार असलेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

व्यायामाला जोड हवी प्रथिनांची. दात आणि भूक कमी झाली की जेवण मऊ भात, पेज आणि चहा-बिस्किटांवर येते, आणि तिथेच घात होतो. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठ ग्रॅम तरी हवीत. वाटीभर पातळ वरणाने ती भरत नाहीत. दूध-दही, उसळ, अंडी, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात लागते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. तिथे भजन, व्याख्याने, सहली होतात. ताकदीच्या व्यायामाचा वर्ग क्वचितच दिसतो. त्याला भक्कम खुर्च्या, वाळू भरलेल्या बाटल्या आणि सुरुवातीला नीट शिकवणारा एक फिजिओथेरपिस्ट एवढेच लागते.