जागेचा व्यवहार आणि सांगण्याचे कर्तव्य

सांप्रत आपल्या समाजातील तरुण मंडळी दोन पैसे गाठीस लागले की प्रथम प्लॉटची चौकशी करतात. ठेवीवरील व्याज महागाईत विरून जाते, नोकरीचा भरवसा उरलेला नाही. तेव्हा जागा घेऊन ठेवावी आणि भाव चढला म्हणजे विकावी, असा त्यांचा हिशेब असतो. यात मुळात निंद्य असे काही नाही. परंतु नवख्या गिऱ्हाइकास जो तो एकच प्रश्न विचारावयास शिकवितो, भाव किती वाढेल? माझ्या मते त्याआधी एक निराळा प्रश्न स्वतःस विचारावा. ही जागा उद्या दुसऱ्यास विकताना तिच्याविषयी मला जे ठाऊक आहे, ते सारे मी त्याच्यापुढे बोलू शकेन काय?

हैदराबादेत हा प्रश्न नुसता तात्त्विक नाही. हे तलावांचे शहर आहे. नल्लकुंटा, मासाब टँक, तलाब कट्टा ही नावेच पाण्याची साक्ष देतात. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हजारो माणसांचा बळी घेतला. त्यानंतर नदीचे पाणी शहराच्या वरच्या अंगास अडविण्याचे ठरले आणि उस्मानसागर १९२० साली, हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. शहरातील लहान तलावांची कथा मात्र उलट झाली. पाऊस ओढ देतो त्या वर्षी पात्र कोरडे पडते. मग त्यात दगड रोवून, चुन्याच्या रेघा ओढून प्लॉट पाडले जातात. शेजारच्या वस्तीहून गजामागे दर कमी असतो आणि नवखा माणूस नेमका तिकडेच वळतो. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत पाणी आपल्या जागी परत आले. शाह हातिम तलावाकाठची नदीम कॉलनी पाण्यात बुडाली. गुर्रम चेरुवुचा बांध फुटून हाफिज बाबानगरात पाणी शिरले. पुढे जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने हायड्रा ही यंत्रणा उभी केली आणि सप्टेंबरात सुन्नम चेरुवुतील बांधकामांवर यंत्रे चालली. अशा कारवायांत घरे गमावलेल्या कित्येकांनी आपणाजवळ रजिस्ट्रीचे कागद असल्याचे सांगितले.

ते खोटे बोलत होते असे मुळीच नाही. तलावाच्या पूर्ण पातळीच्या रेषेत, म्हणजे लोक जिला एफ.टी.एल. म्हणतात तिच्या आत, पुष्कळदा खाजगी पट्ट्याची जमीन असते. तिची शेती होऊ शकते, खरेदीखतही नोंदविले जाते. फक्त तीवर घर बांधता येत नाही. रजिस्ट्री दस्ताची होते, जमिनीच्या निर्दोषपणाची नव्हे. म्हणून महानगर विकास प्राधिकरणाने खुले केलेले तलावांचे नकाशे आधी पाहावे. दहा हेक्टरांहून मोठ्या तलावाभोवती तीस मीटर आणि लहानाभोवती नऊ मीटर जागा मोकळी सोडावी लागते, हेही ध्यानी ठेवावे. बोजा नसल्याचा दाखला, म्हणजे ई.सी., जितका मागे जाईल तितका काढावा. ‘प्री-लाँच’ म्हणून परवानगीच्या आधीच स्वस्त सदनिका देऊ करणाऱ्यास रेराचा नोंदणी क्रमांक विचारावा. २०१६ च्या त्या कायद्याप्रमाणे नोंदणीस पात्र प्रकल्प नोंदणीवाचून विकता येत नाही आणि करारनामा नोंदविल्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेता येत नाही. आणि जागा उन्हाळ्यात पाहिली असेल तर पुन्हा एकदा भर श्रावणात पाहावी. तेथील जुन्या चहावाल्यास पाणी कोठवर चढते ते पाठ असते.

कर्जाविषयी थोडेच सांगतो. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० मध्ये चार टक्के झाला होता, तो फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला आणि बदलत्या व्याजाच्या कर्जदारांचे हप्ते वा मुदती लांबल्या. मोकळा प्लॉट भाडे देत नाही आणि अडचणीच्या दिवशी आठवड्याभरात विकलाही जात नाही. ज्या घराचा महिना दक्षिणेवर किंवा रोजच्या धंद्यावर चालतो, त्या घराने सर्व संचय एका प्लॉटात घालणे मला तरी धाडसाचे वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, घेतल्यानंतर कळले की जागा तलावात आहे. “मी फसलो, आता पुढचा पाहून घेईल,” असे म्हणून ती खपविणारे भले गृहस्थ मी ऐकून आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा विक्रेत्यास सांगतो की, ठाऊक असलेले आणि खरेदीदारास सामान्य दक्षतेने न कळणारे दोष त्याने उघड करावे. यावर हुशार माणूस म्हणेल, नकाशा तर सर्वांस खुला आहे! कायद्यात त्यास कदाचित वाट मिळेलही. पण आपल्यात जागा जाहिरातीने कमी आणि ओळखीने अधिक विकली जाते. घेणारा बहुधा मामेसासऱ्यांच्या नात्यातला, नाही तर प्रसादाच्या पंगतीत शेजारी बसणारा असतो. त्याने नकाशा पाहिला नाही याचे कारण त्याने आपले तोंड पाहिले, हे असते. ओळख करून देऊन दलाली घेणाऱ्यावरही हाच भार आहे, असे माझे मत आहे.

मग एकच प्लॉट असलेल्या विधवा काकूंनी काय करावे? खरे सांगितले तर आयुष्याची पुंजी जाते. हा प्रश्न सोपा नाही. तरीही मला वाटते, जमीन शेतजमिनीच्या मोलाने, दोष सांगूनच विकावी. आणि तुटीचा दावा पुढच्या गिऱ्हाइकावर न ढकलता ज्याने तलाव प्रथम विकला त्याच्याकडे न्यावा. रेराच्या अठराव्या कलमाप्रमाणे जमिनीचा हक्कच सदोष निघाल्यास प्रवर्तकाने भरपाई द्यावयाची असते आणि हा दावा मुदतीने बाद होत नाही. त्यासाठी माहितीपत्रक, पावत्या आणि दिलेल्या धनादेशांच्या नोंदी मात्र घरात जपून ठेवाव्या लागतात.