अन्नापलीकडचे देणे

वाचकहो, जो प्राणी आपण केवळ आपल्या सुखाकरिता बंदीत ठेविला, त्यास पोटभर अन्न व स्वच्छ पाणी दिले म्हणजे आपले सर्व देणे फिटले काय? बहुतेक जण होय म्हणतील. मीही तसेच म्हणत असे.

उष्ण समुद्रांत प्रवाळखडकांलगतच्या वाळूत एक लहान कोळंबी राहते. तिची एक नांगी फार मोठी असून ती झटकन मिटताच बार उडाल्यासारखा आवाज होतो. म्हणून तिला पिस्तूल कोळंबी म्हणतात. हत्यार असे, परंतु दृष्टी अगदी अधू. ती दिवसभर बीळ खणीत असते. वाळू ढासळते, ती पुन्हा उपसते. दारात गोबी जातीचा एक मासा पहारा करितो. त्यास असे घर स्वतः बांधता येत नाही. कोळंबी बाहेर येते तेव्हा आपली लांब मिशी त्याच्या अंगास लावून ठेविते. संकट दिसताच तो शेपटी थरथरवितो, ती मागे सरते. संकट जवळ आले तर तोही आत शिरतो. तांबड्या समुद्रातील या सहवासाचे वर्णन 1958 साली लूथर नामक जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केले. (आडनावावरून वाचकांनी भलताच तर्क करू नये.)

हौशी लोक ही जोडी काचेच्या टाकीत पाळितात. पाणी समुद्राइतके खारे, म्हणजे एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असलेले, लागते. वाळूत शिंपल्यांचे व प्रवाळाचे तुकडे मिसळावे लागतात. नाहीतर बिळाचे छत टिकत नाही. जड दगड वाळूवर न ठेविता तळावर टेकवावे, कारण कोळंबी पाया पोखरील आणि दगड तिच्याच अंगावर येईल. मासा भ्याला की उसळी मारितो. यास्तव झाकण हवेच.

हे सर्व पैशाने साधते. परंतु पुष्कळदा हे प्राणी निरनिराळे विकले जातात, आणि घेणारा डोळ्यांत भरणारा मासाच तेवढा नेतो. मासा मरत नाही, खातो, पोहतो. एकटी ठेविलेली कोळंबीही जगते, मात्र बिळाबाहेर क्वचितच येते. दोघेही जिवंत, म्हणून धन्यास दोष कोण देणार? मी देतो. त्याने अन्न दिले, परंतु एकाचा पहारा काढून घेतला व दुसरीचा आधार.

कोणी म्हणेल, ही प्रीती नव्हे, नुसता व्यवहार आहे. ज्याचा त्याचा स्वार्थ. असेल. माशास साधू ठरविण्याची माझी इच्छा नाही. परंतु धनकोचे मन शुद्ध नाही म्हणून ऋणको मोकळा होत नाही.

जोडी एकत्र ठेविली तरी एक गोष्ट मनाला टोचतेच. त्या टाकीत मोठा मासा नाही, शत्रू नाही. मग हा पहारा कोणावर? धन्याचा हात अन्न घेऊन पाण्यावर येतो, त्याची सावली वाळूवर पडते, आणि शेपटी थरथरते. कित्येकांस हा कृतघ्नपणा वाटतो. मला तर त्या पहारेकऱ्याचे काही चुकले असे वाटत नाही. धन्याने अन्न सोडून हात काढून घ्यावा, आणि ती दोघे पुन्हा दारात येईपर्यंत दूर उभे राहावे.