विधिलिखित, योगायोग आणि देव

आमच्या मंडळींतील एका भगिनीचें तान्हें मूल वारलें. तिनें आम्हांस विचारलें, “पाळकसाहेब, हें कपाळीं लिहिलेलेंच होतें काय?” हा प्रश्न पुष्कळांच्या मनांत असतो, म्हणून त्याविषयीं थोडें लिहितों.

१८१४ सालीं लाप्लास या फ्रेंच पंडितानें असें प्रतिपादिलें कीं, सर्व कणांची स्थिति व निसर्गांतील सर्व बलें ज्या बुद्धीस कळतील, तिला भूत व भविष्य सारखेंच स्पष्ट दिसेल. हें विधिलिखितच, केवळ शास्त्राच्या पोशाखांत. पुढें निराळेंच आढळलें. रेडियमचे निम्मे परमाणु सुमारें १६०० वर्षांत फुटतात, हें निश्चित; परंतु अमुक परमाणु केव्हां फुटेल, हें कोणासही सांगतां येत नाहीं. आइन्स्टाइन यांस हें पटलें नाहीं. तथापि प्रत्येक कणाजवळच गुप्त कारण दडलें असेल, ही आशा आस्पे, क्लाउसर व त्सायलिंगर यांच्या प्रयोगांनीं फोल ठरविली. त्यांस २०२२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

मग जग अंदाधुंद आहे काय? नाहीं, निम्मे परमाणु नेमल्या काळांत फुटतातच. पण शास्त्राचा हा नियम त्या मातेचे अश्रु पुशीत नाहीं.

शिलोहांतील बुरूज पडून १८ माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक पापी होतीं, हें प्रभूनें साफ नाकारिलें. यास्तव, बंधूंनो, शोकाकुल घरीं “नशीब” किंवा “पापाचें फळ” हे शब्द उच्चारूं नका. त्या भगिनीस आम्हीं कारण सांगितलें नाहीं. तें आम्हांस ठाऊक नव्हतें. तिच्याजवळ बसून प्रार्थना केली. देव दुःखितांजवळ असतो, एवढें मात्र आम्हांस पक्कें ठाऊक आहे.