खाल्ल्या मिठाला जागणे



परदेशी कुटुंबात दोन-तीन आठवडे राहून आलेल्या तरुणांची मैत्री खरी, की ती प्रवासापुरती हौस? ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगाची, आनंदाची आणि सद्गुणांवर उभी असलेली. तिसरीला काळ लागतो. बरोबर बसून पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय माणूस कळत नाही, अशी म्हणही त्याने दिली आहे. मग थोड्या दिवसांचे मीठ पुरते का?

फ्रान्स व जर्मनी १८७० ते १९४५ या काळात तीनदा लढले. जुलै १९६२ मध्ये द गॉल आणि आडेनाउअर हे त्यांचे नेते रॅंस येथील कॅथेड्रलमध्ये एकत्र मिस्साला बसले. १९६३ च्या करारानंतर दोन्ही देशांनी मिळून युवक कार्यालय स्थापले. त्याद्वारे आजवर लाखो तरुण एकमेकांच्या देशात जाऊन आले. ज्यांचे वडील एकमेकांवर बंदुका रोखून होते, ती मुले एका टेबलावर जेवू लागली.

यातल्या साऱ्याच मैत्री टिकतात असे नाही. पत्रे हळूहळू थांबतात. पण 'शत्रू' म्हटले की आता एक चेहरा आठवतो: भाषा कळत नसतानाही पुन्हा वाढणाऱ्या त्या घरच्या आईचा. द्वेषाला असा चेहरा परवडत नाही.

आपण खाल्ल्या मिठाला जागावे म्हणतो. ते ऋण बहुधा त्याच घरी फिटत नाही. आपल्या दारी आलेल्या परक्यापाशी फिटते. परदेशातला मित्र अभिमानाने सांगणारा युवक शेजारच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या परप्रांतीय मुलाचे नावही विचारत नसेल, तर त्याचा प्रवास झाला, मैत्री व्हायची राहिली.