वार्ता आणि श्रोत्याचा दोष

निंदा करणारा पापाचा भागी होतो, हे सर्वांस मान्य आहे; परंतु ती निंदा विश्वासाने ऐकून घेणारा गृहस्थ कितपत निर्दोष राहतो, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. पूर्वी निंदेची धाव आळीपुरती असे. आज वृत्तवाहिनीच्या एका कार्यक्रमाने ती घटकाभरात असंख्य घरांत शिरते.

३० ऑगस्ट २००७ रोजी दिल्लीत घडलेला प्रकार पुष्कळांच्या स्मरणात असेल. एका वृत्तवाहिनीने गुप्तपणे घेतलेले चित्रण दाखविले. तुर्कमान गेटजवळच्या सरकारी शाळेतील गणिताच्या एक शिक्षिका आपल्या विद्यार्थिनींना अनीतीच्या मार्गास लावतात, असा त्यात आरोप होता. पाहता पाहता शाळेपुढे जमाव लोटला. त्या बाईंना मारहाण झाली, भर रस्त्यात त्यांची वस्त्रे फाडली गेली. शासनाने त्यांना पदावरून दूर केले आणि त्यांना अटकही झाली. पुढे तपासात निष्पन्न झाले की सारा प्रकार बनावट होता. पीडित विद्यार्थिनी म्हणून जी मुलगी दाखविली, ती विद्यार्थिनीच नव्हती. केंद्र सरकारने सप्टेंबरात त्या वाहिनीचे प्रक्षेपण एक महिना बंद ठेवविले. दिल्ली उच्च न्यायालयाने आपण होऊन हे प्रकरण हाती घेतले व त्याच वर्षाच्या डिसेंबरात अशा गुप्त चित्रणांसंबंधी मार्गदर्शक सूचना केल्या.

त्या काळी मी दिल्लीतच एका वृद्ध पंडितजींकडे न्यायशास्त्राचा पाठ घेत असे. दुसऱ्या दिवशी पाठास बसताना मी संतापाने म्हणालो, “गुरुजी, काल त्या बाईंचे कृत्य मी प्रत्यक्ष पाहिले.”

त्यांनी पोथीवरून दृष्टी काढली नाही. “काय पाहिलेस?”

मी सर्व सांगितले.

“तू काचेवर हलणारी आकृती पाहिलीस. ती कोणाची व ती काय करीत होती, हे तुला दुसऱ्याने सांगितले. मग हे प्रत्यक्ष कसे? हा शब्द झाला. आता सांगणारा आप्त आहे की नाही, ते सांग.”

मजजवळ उत्तर नव्हते. तोवर चित्रण खोटे ठरलेले नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे.

चित्राची मोहिनी ती हीच. ते शब्द असून प्रत्यक्षाचे सोंग घेते. छापील मजकूर वाचताना निदान लिहिणारा कोणी आहे, एवढे भान असते. चित्रापुढे तेही सुटते, आणि श्रोता स्वतःस साक्षी समजू लागतो. न्यायभाष्यकार वात्स्यायनांनी आप्ताचे लक्षण मोठे मार्मिक केले आहे: ज्याने वस्तू स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ. कुल, पद, वेष यांचा येथे संबंध नाही. संजयाने धृतराष्ट्रास त्याच्याच पुत्रांचा संहार जसाच्या तसा सांगितला. श्रोत्यास काय रुचेल याचा हिशेब त्याने केला नाही. ज्याची मिळकतच प्रेक्षकांच्या संख्येवर अवलंबून आहे, त्यास असे वागणे किती कठीण, हे उघड आहे.

कोणी म्हणेल, संसारी माणसाने प्रत्येक वार्तेचा तपास कुठे करीत बसावे? तपास करावयास कोणी सांगत नाही. निर्णय राखून ठेवावा, एवढेच. यावर गीतेच्या चौथ्या अध्यायाचा आधार घेऊन, संशयी मनुष्याचा नाश होतो, असे उत्तर मला एका सज्जनांनी दिले होते. परंतु तेथे ज्ञान व श्रद्धा या दोहोंवाचून भरकटणाऱ्या मनुष्याचा विचार आहे. शेजाऱ्याच्या अपकीर्तीवर श्रद्धा ठेवा, असे भगवंतांनी कोठेच सांगितलेले नाही. उलट सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना उद्वेग न करणे, सत्य, प्रिय व हितकर असणे ही सर्व लक्षणे एकत्र घातली आहेत. न्यायदर्शनाने तर संशयास आपल्या सोळा पदार्थांत स्थान दिले आहे, कारण त्याच्यावाचून विचारास आरंभच होत नाही.

आता तर मोबाईल हाती आल्यापासून प्रत्येक श्रोता वक्ताही झाला आहे. मी भाषांतराचा व्यवसाय करतो. मूळ वाक्य डोळ्यांखालून घातल्यावाचून दुसऱ्या भाषेत एक ओळ उतरविली, तर संपादक मला दारात उभे करणार नाहीत. आणि तोच मी, सकाळी चहा घेताना, कोणी पाठविलेला मजकूर मूळ न पाहता दहा जणांकडे धाडतो!

त्या ऑगस्टातील संध्याकाळी मी ती वार्ता तिघांना सांगितली होती, तीही दोन शब्द पदरचे घालून. खरे कळल्यावर दोघांच्या घरी जाऊन मी चूक कबूल केली. तिसरे गृहस्थ तोपर्यंत बदली होऊन दिल्लीबाहेर गेले होते. त्यांना पत्र लिहावयाचे होते, ते राहून गेले.