रोमेलला कसं मोजशील?

बेळगाव

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. एम.ए.च्या निबंधासाठी तू जर्मन सेनापती रोमेल निवडलास आणि ‘त्याचं जेवढं नाव झालं, तेवढा तो मोठा होता का?’ असं मला सरळ विचारलंस. उत्तरही सरळ देतो. रणांगणावर हाताशी असलेलं सैन्य खेळवण्यात त्याच्या तोडीचे सेनानी दुसऱ्या महायुद्धात फार थोडे झाले. पण आखणीपासून शेवटापर्यंत सगळी मोहीम पेलणारा सेनापती म्हणून त्याची कीर्ती त्याच्या कामगिरीपेक्षा मोठी आहे. माझं हे मत मात्र जसंच्या तसं उचलू नकोस. मी इथवर कसा आलो ते लिहितो, तू ते ठोकून बघ.

कुठल्याही सेनापतीबद्दल लिहिताना आधी त्याला काम काय सोपवलं होतं ते बघावं. फेब्रुवारी १९४१मध्ये रोमेल त्रिपोलीत उतरला तो इटालियनांची लिबियातली पडझड थांबवायला. कागदोपत्री तो इटालियन सेनापतीच्या हाताखाली होता आणि त्याच्यावर जबाबदारी बचावाची होती. बर्लिनला जूनमध्ये रशियावर चालून जायचं होतं, आफ्रिकेसाठी जादा सैन्य नव्हतं. रोमेलने मार्चअखेर चढाई केली आणि दोन-तीन आठवड्यांत तो इजिप्तच्या सीमेला भिडला. जगाने तोंडात बोटं घातली. पण टोब्रुक बंदर ऑस्ट्रेलियन सैन्याने लढवून हातात ठेवलं. वर्ष संपेपर्यंत मागे सरत सरत रोमेल जिथून निघाला होता, जवळपास तिथेच परत आला. जर्मन भूदलाच्या जनरल स्टाफचा प्रमुख हाल्डर याने एप्रिलमध्येच त्याला आवर घालायला जनरल पाउलुसला आफ्रिकेत पाठवलं होतं. चरित्रकार हाल्डरला रोमेलवर जळणारा कारकुनी सेनाधिकारी ठरवून मोकळे होतात. तू तसं करू नकोस. त्याचा हिशेब बरोबर होता का, एवढंच बघ.

हिशेब म्हणजे रसद. माझ्या दृष्टीने तुझ्या निबंधाचं काळीज इथे आहे. त्रिपोलीपासून बेनगाझी सुमारे १,००० किलोमीटर, तिथून एल अलामेन आणखी तेवढंच, आणि सगळी वाहतूक किनाऱ्याच्या एकाच रस्त्याने. आघाडी जितकी पुढे जाई, तितकं जास्त पेट्रोल ते पोचवणारे ट्रकच पिऊन टाकत. इटालियनांनी आणि वरिष्ठांनी आपल्याला उपाशी ठेवलं, ही रोमेलची तक्रार. युद्धानंतर इंग्रज युद्धलेखक लिडेल हार्टने त्याची टिपणं १९५३ साली छापली, तेव्हा ती घरोघरी गेली. इतिहासकार मार्टिन फान क्रेफेल्डने पुढे आकडे मांडून दाखवलं, की समुद्रात बुडालेल्या मालाइतकाच, किंबहुना जास्त, घात बंदरापासून आघाडीपर्यंतच्या अंतराने केला. आता सांग, ते अंतर कुणी वाढवलं? जून १९४२मध्ये टोब्रुक पडल्यावर ठरल्याप्रमाणे आधी माल्टा घ्यावं, असं भूमध्य आघाडीवरचा वरिष्ठ जर्मन सेनापती केसेलरिंग याचं म्हणणं होतं. ब्रिटिश विमानं आणि पाणबुड्या माल्टातूनच रसदीची जहाजं बुडवत होत्या. रोमेलने हिटलरचं मन वळवलं आणि तो इजिप्तकडे धावला. हातघाईत पाठलाग सोडवत नाही हे मला समजतं. पण सेनापतीच्या मोठेपणाची परीक्षा नेमकी अशाच वेळी होते.

याचा अर्थ त्याचं श्रेय काढून घ्यायचं असा नाही. गझालाची लढाई तू नकाशा समोर ठेवून, दिवसवार वाच. २६ मे १९४२च्या रात्री तो ब्रिटिशांच्या सुरुंगक्षेत्राला दक्षिणेकडून वळसा घालून आत शिरला आणि अडकला. पिछाडीची वाट बंद, पाणी-पेट्रोल संपत आलेलं. दुसरा कुणी शरण गेला असता. त्याने मागे वळून सुरुंगातून वाट फोडली, रसदीचे ट्रक स्वतः पुढे होऊन आत आणले, आणि तुकड्या-तुकड्यांनी अंगावर येणारं ब्रिटिश चिलखती दळ मोडून काढलं. रणगाडे शत्रूकडे जास्त होते. अशी लढाई जिंकणाऱ्याला सामान्य म्हणता येत नाही.

तरीही एक गोष्ट विसरू नकोस. कैरोतला अमेरिकेचा लष्करी प्रतिनिधी बॉनर फेलर्स वॉशिंग्टनला सविस्तर तारा पाठवी, आणि इटालियनांनी चोरलेल्या सांकेतिक लिपीमुळे त्या जर्मनांना वाचता येत. शत्रूच्या फौजा आणि बेत रोमेलला असे घरबसल्या कळत होते. जूनअखेर हा झरा आटला. १० जुलैला ऑस्ट्रेलियनांनी त्याचं बिनतारी संदेश टिपणारं पथकही पकडलं. त्यानंतर इजिप्तमध्ये त्याला एकही मोठा विजय मिळाला नाही. एकट्या याच कारणाने तो हरला असं मी म्हणत नाही. माणसं आणि यंत्रं दोन्ही थकलेली होती, आणि पलीकडून इंग्रजही जर्मनांचे संदेश वाचत होतेच. पण ‘वाळवंटातलं अंतर्ज्ञान’ म्हणून ज्याची गोष्ट सांगतात, त्यातलं किती अशा कागदांवरून आलं, ते तुला तपासावंच लागेल.

आता आपल्या माणसांकडे येतो. मी ज्या गावात राहतो, तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. २० जून १९४२च्या सकाळी टोब्रुकवर रोमेलचा घाव पडला तो आग्नेय बाजूला, ११व्या भारतीय ब्रिगेडमधल्या २/५ मराठा पलटणीच्या मोर्च्यावर. आधी बाँबफेक, मग रणगाडे. वर्षापूर्वी ऑस्ट्रेलियनांनी जपलेला रणगाडाविरोधी खंदक वाळूने बुजला होता, पेरलेले कितीतरी सुरुंग काढून दुसरीकडे नेले होते. दुसऱ्या दिवशी ठाणं पडलं, सुमारे ३३,००० माणसं कैद झाली आणि रोमेल फील्ड मार्शल झाला. त्या पदामागे रोमेलची करामत किती आणि ब्रिटिश सेनापतींची हेळसांड किती, हे त्या पलटणीच्या जागेवर उभं राहून मोज. जर्मन आठवणींत ही माणसं एका ओळीत आटोपतात. दहा दिवसांनी, १ जुलैला, अलामेनजवळ देर एल शाइनला नुकत्याच इराकहून आलेल्या १८व्या भारतीय ब्रिगेडने त्याला दिवसभर रोखून धरलं. ब्रिगेड संपली, पण त्याच्या उरलेल्या ५५ रणगाड्यांपैकी १८ तिथे गेले आणि अलामेनची फळी उभी राहायला एक दिवस मिळाला. त्या दिवसाला कुठल्या चित्रपटात जागा मिळाली नाही.

चित्रपटाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. कीर्ती कुणाच्या गरजेतून वाढली, हेही लिही. गोबेल्सच्या प्रचारखात्याला देखणा नायक हवा होता. चर्चिलने जानेवारी १९४२मध्ये भर संसदेत त्याची तारीफ केली. हरवणारा असामान्य असला की हरणाऱ्याची मान ताठ राहते. आपल्या सैनिकांच्या मनात रोमेलचा बागुलबुवा होऊ देऊ नका, असं ब्रिटिश सरसेनापती ऑकिनलेकला अधिकाऱ्यांना लेखी बजावावं लागलं. १९५०चं गाजलेलं चरित्र लिहिणारा डेस्मंड यंग हा भारतीय सैन्यातला ब्रिगेडियर, त्याच वाळवंटात कैद झालेला. पुढच्या वर्षी जेम्स मेसनचा चित्रपट आला. पश्चिम जर्मनीला नवं सैन्य उभारायचं होतं, त्यासाठी निष्कलंक पूर्वज लागत होता.

तो निष्कलंक होता का? युद्धकैद्यांना त्याने बरं वागवलं आणि पकडलेल्या कमांडोंना ठार मारण्याचा हिटलरचा हुकूम पाळला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदव. पण तो हिटलरच्या मर्जीतून वर चढला होता. त्याच्या सैन्यामागून कैरोत शिरायला एसएस अधिकारी राउफचं मारेकरी पथक १९४२मध्ये तयार होतं, आणि नंतर त्याच राउफने ट्युनिसमध्ये ज्यूंना वेठीला जुंपलं. हिटलरविरुद्धच्या कटात रोमेल किती होता यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्याच संशयावरून ऑक्टोबर १९४४मध्ये त्याला विष घ्यायला लावलं, हा मृत्यू करुण आहे. पण त्या करुणेने गझालाचे किंवा अलामेनचे गुण वाढवू नकोस. दोन्ही प्रकरणं वेगळी ठेव.

तुलनेला अलामेनला त्याला हरवणारा मॉन्टगोमेरी घेण्याचा मोह होईल. त्यापेक्षा ब्रिटिश सेनापती स्लिम घे. १९४२मध्ये ब्रह्मदेशातून मार खात मागे आलेला हा सेनापती आधी रस्ते, औषधं आणि विमानाने रसद यांची घडी बसवतो आणि मग १९४५मध्ये पुढे जातो. त्याच्या सैन्यात बहुसंख्य जवान भारतीय होते, म्हणजे साधनं तुला इथेही सापडतील.

रसदीचं प्रकरण आधी लिहून पाठव, बाकीचं सावकाश बघू. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा